मे महिन्यात कूलर बंद करायला लावणारे सिनेमे

तुम्ही विचारलंय की जुने सिनेमे लावले की दहा मिनिटांत हात मोबाईलकडे जातो. तर विनोदी, रहस्य, भुताटकी, सामाजिक अशा प्रकारांतले कोणते खरंच बघण्यासारखे आहेत आणि कोणत्यांचा नुसता उदोउदो आहे. माझी कसोटी नागपूरबाहेरच्यांना जरा विचित्र वाटेल, पण मला अजून तिनं फसवलेलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मामा-मावश्यांची पोट्टी जमली की आमच्याकडे व्हीसीआर भाड्यानं यायचा. भाडं रात्रीचं, म्हणून एका रात्रीत तीन सिनेमे. दिवसभर ४५ डिग्री तापलेल्या भिंती रात्री अकरालाही झळा सोडायच्या, आणि खिडकीत पत्र्याचा कूलर पिठाच्या गिरणीसारखा घरघरत असायचा. टीव्हीचा आवाज शेवटपर्यंत नेला तरी निम्मे संवाद अंदाजानंच घ्यायचे. पण एखाद्या सिनेमात मध्येच अंधारातून कोणीतरी ओरडायचं, "बंद कर बे तो कूलर, काही ऐकू नाही येऊन राह्यलं!" ज्या सिनेमासाठी दहा-अकरा माणसं घामाच्या धारांत बसायला तयार झाली, तो सिनेमा चांगला. एवढीच कसोटी.

पहिला नंबर शांतारामबापूंच्या 'कुंकू'चा, १९३७ चा. आमच्या कॅसेटवाल्याकडे तो कसा आला होता कोण जाणे. पोट्ट्यांनी तोंडं वाकडी केली, आजीनं हट्ट धरला. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते, एवढीच गोष्ट. या सिनेमात पार्श्वसंगीत नाही, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं. रडायचं कुठं, घाबरायचं कुठं हे सांगायला व्हायोलिन नाहीत. ऐकू येतात ते त्या घरातलेच आवाज. त्यातला एक भिंतीवरच्या घड्याळाचा. आजीनं कूलर बंद करायला लावला, आणि बंद केल्यावरही वाळ्याच्या ताट्यांतून खालच्या टाकीत पाणी ठिबकत राहिलं. इकडे टपटप, तिकडे टिकटिक. केशवराव दात्यांचा तो काकासाहेब आपल्या वयाकडे बघतोय आणि आमच्या खोलीतही काहीतरी मोजलं जातंय, असं वाटून मी मावशीच्या कुशीत सरकलो होतो. भुताच्या सिनेमालाही इतका घाबरलो नाही. शांता आपटे त्यात लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते, ते मात्र तेव्हाही उपरं वाटलं आणि आजही वाटतं. बाकी तुम्ही एकच जुना सामाजिक सिनेमा बघणार असाल तर हा बघा, आणि हेडफोन लावून बघा.

रहस्यात 'पाठलाग'. १९६४, राजा परांजपे. ज्या बायकोला नवरा स्वतः अग्नी देऊन आलाय, तिच्याच चेहऱ्याची बाई पुढ्यात उभी राहून म्हणते की मी तुमचीच बायको. कूलर अर्थातच बंद. आणि नेमकी शेवटाच्या आधी लाइट गेली. तासभर आली नाही. आजीनं हा सिनेमा पूर्वी टॉकीजमध्ये बघितला होता, तिनं अंगणात बाजेवर बसून शेवट सांगितला, अगदी हातवारे करून. सकाळी कॅसेट परत करायच्या आधी आम्ही राहिलेला भाग बघितला तर शेवट भलताच! आजी म्हणाली, "मग माह्यावालाच चांगला होता." याच गोष्टीवर हिंदीत राज खोसलांनी १९६६ मध्ये 'मेरा साया' काढला. गाण्यांत मदनमोहन पुढे, हे कबूल. ताण मात्र मराठीत जास्त आहे, कारण परांजप्यांना सजावटीची हौस नव्हती. गाणी नकोतच असतील तर बी. आर. चोप्रांचा 'कानून' (१९६०) घ्या. खून, कोर्ट आणि एकही गाणं नाही.

भुताटकीच्या बाबतीत माझं मत लोकांना आवडत नाही. 'महल' (१९४९) थोर म्हणतात. मला तो अर्धाच थोर वाटतो. 'आएगा आनेवाला' सुरू होताना आवाज लांबून येतो आणि हळूहळू जवळ सरकतो. लताबाई खोलीच्या कोपऱ्यातून चालत माईकपाशी आल्या होत्या असं सांगतात. आणि तबकडीवर गायिकेचं नाव काय होतं? कामिनी! म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. लोक विचारत बसले असतील की ही कामिनी कोण. त्या गाण्यापुरता आमच्याकडे कूलर बंद झाला. उत्तरार्धात माणसं इतकं लांबण लावून बोलतात की मामानं उठून स्वतःच बटण दाबलं, आणि कोणी हूं की चूं केलं नाही.

विनोदी सिनेमांना ही कसोटी लागू पडत नाही. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) आम्ही कूलर चालू ठेवूनच बघितला, आणि हसून हसून मावसभाऊ पलंगावरून पडला. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'ची, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. पण "धनंजय माने इथेच राहतात का?" यावर अशोक सराफचा चेहरा जे करतो, ते ऐकावं लागत नाही, दिसतं. एकच तक्रार: या सिनेमाचे संवाद आता लोकांनी इतके वापरलेत की तुम्ही पहिल्यांदा बघाल तेव्हा निम्मे विनोद आधीच ऐकलेले असतील. म्हणून विनोदीत मी हल्ली नव्या माणसाला आधी 'लाखाची गोष्ट' (१९५२) सांगतो. पुन्हा राजा परांजपेच. माझा पक्षपात आहे, चालवून घ्या.

'पिंजरा'साठी (१९७२) कूलर बंद करायची वेळच आली नाही, ढोलकीनं त्याला परस्पर हरवलं. वडिलांचा जीव त्या सिनेमावर. मला श्रीराम लागूंचा मास्तर आवडतो, सिनेमा जरा ताणलेला वाटतो.

त्याच लागूंचा 'सामना' मात्र वेगळाच. लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. तेरा वर्षांच्या पोराला राजकीय सिनेमात काय गोडी? पण निळू फुल्यांचा साखरसम्राट हिंदुराव आवाज चढवत नाही, हीच गोम आहे. खलनायक ओरडला तर कूलरमध्येही कळतो. हा गोड बोलतो, समोरच्याला पाजतो, आणि आपल्याला कान द्यावे लागतात. गावातून नाहीशा झालेल्या माणसाबद्दलचा "मारुती कांबळेचं काय झालं?" हा प्रश्न दुसऱ्यांदा आला तेव्हा वडील न बोलता उठले आणि कूलर बंद करून आले. ते सरकारी नोकरीत होते. सिनेमा संपल्यावरही त्यांनी तो चालू केला नाही, तसेच बसून राहिले. शेवटी आईनंच चालू केला.

आता तुमच्या मोबाईलवाल्या अडचणीसाठी 'पुष्पक' (१९८७). कमल हासन, दिग्दर्शक सिंगीतम श्रीनिवास राव, संपूर्ण सिनेमात संवाद नाहीत. घरच्यांना वाटलं, बरं झालं, आज कूलर खुशाल चालू दे. त्यातला बेकार पोरगा टॉकीजच्या शेजारी राहतो, रोज मारामारीचे आवाज ऐकत झोपतो. पुढे पंचतारांकित हॉटेलात मऊ गादी मिळते तर त्याला त्या शांततेत झोपच येत नाही! मग तो टॉकीजचा गोंगाट टेप करून आणतो, उशाशी लावतो आणि गाढ झोपतो. या जागी आमचं अख्खं घर एकमेकांकडे बघून हसलं. कारण दरवर्षी जूनमध्ये पाऊस आला, कूलर खिडकीतून उतरवला, की पहिल्या रात्री आमच्यातलंही कोणी झोपत नसे.