‘ताई, २८० अक्षरांत संस्था कशी मांडायची?’

प्रश्न: ताई, आम्ही बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवतो. पूर्णवेळ कार्यकर्त्या आम्ही दोघीच. विश्वस्तांच्या बैठकीत ठरलं की संस्थेनं ‘एक्स’वर (पूर्वीचं ट्विटर) यायचं, आणि ते काम माझ्याकडे आलं. माझं इंग्रजी जेमतेम. रोज काय लिहायचं? वाचणार कोण? मुलांचे फोटो टाकले की मदत येते म्हणतात, ते खरं का? – एक कार्यकर्ती

उत्तर: तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तिथे चूक झाली तर ती पुसता येत नाही. मुलांचे चेहरे टाकू नका. मदत येते हे खरं आहे, तरीही टाकू नका. आज नऊ वर्षांची असलेली मुलगी उद्या कॉलेजात जाईल, नोकरीला लागेल. ‘कोयत्यावर गेलेल्या आईबापांची पोर’ म्हणून तिचा फोटो तेव्हाही कुणाच्या तरी फोनमध्ये असेल. बालन्याय कायद्याचं कलम ७४ काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे. तुमच्या मुलांचे पालक हंगामात कर्नाटकात किंवा पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्या तरी उसाच्या फडात असतात. निघण्याच्या गडबडीत अंगठा घेतला, तर त्याला मी संमती म्हणणार नाही.

मग फोटो कशाचा काढायचा? मुलानं घरून आणलेली पत्र्याची पेटी आणि तिचं इवलंसं कुलूप. जेवणाआधी मांडलेल्या ताटांची रांग. पाटीवरचं अक्षर, पण त्यात नाव नको. फोटोखाली दोन ओळींचं वर्णन लिहायची सोय असते, ती वापरा. दृष्टिहीन वाचकाचा फोन ते वर्णन वाचून दाखवतो. मुलींच्या सहलीचा मजकूर सहल संपून सगळ्या परतल्यावरच टाका, निघताना नाही.

आता लिहिण्याचं. ट्विटर २००६ साली सुरू झालं तेव्हा ते एसएमएसवर चालायचं. एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावत. त्यातली २० लिहिणाऱ्याच्या नावासाठी ठेवली, उरली १४०. २०१७ मध्ये त्याची २८० झाली. ‘एक्स’ हे नाव २०२३ चं. मराठीत लिहिताना एक गोष्ट कुणी सांगत नाही: तिथे काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षराचा हलन्त, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘स्वयंसेवक’ आपल्याला पाच अक्षरांचा दिसतो, यंत्र नऊ मोजतं. म्हणून २८० म्हणजे मराठीत चार-पाच छोटी वाक्यं. दुवा (लिंक) मात्र कितीही लांब असला तरी २३ च अक्षरं खातो. खात्याचं @ पुढचं नाव रोमन लिपीत आणि १५ अक्षरांच्या आत हवं. त्याच्या वर दिसणारं संस्थेचं नाव देवनागरीत लिहा. इंग्रजीची काळजी सोडा, मराठीतच लिहा. तुमच्या तालुक्यातलं तुमच्याइतकं दुसरं कुणी जवळून पाहत नाही, आणि पाहिलेलं ज्या भाषेत मनात उमटतं त्याच भाषेत ते खरं उतरतं.

‘मुलांच्या सर्वांगीण विकासासाठी आमची संस्था कटिबद्ध आहे’ हे वाक्य कुठल्याही संस्थेच्या फलकावर चालेल, म्हणूनच ते कुणी थांबून वाचत नाही. त्यापेक्षा असं बघा: ‘आज वसतिगृहात ४३ मुलं जेवली. काल ३९ होती. वाढलेल्या चौघांचे आईवडील रात्री टोळीबरोबर गेले. घरी आजी एकटी आहे.’ यात भारदस्त विशेषण एकही नाही, पण दसरा-दिवाळीनंतर गावात काय घडतं ते वाचणाऱ्याला कळतं. एका मजकुरात एकच गोष्ट, ज्यानं पाहिली त्यानंच लिहिलेली. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’ असं मोजतात, उचल म्हणजे काय, मुकादमाचं काम काय, हे तुम्हाला रोजचं आहे. पुण्यात-मुंबईत बसलेल्या वाचकाला ते ठाऊक नसतं. असा एकेक शब्द घ्या आणि चार वाक्यांत समजावून सांगा. दोन महिन्यांचं लिखाण त्यातच आहे.

वाचणार कोण, तर सुरुवातीला मोजकी माणसं. जिल्ह्याचा बातमीदार, शिक्षण खात्यातलं कुणी, तुमच्यासारखंच काम करणारी दुसरी संस्था, गावाकडची आणि आता शहरात शिकणारी एखादी मुलगी. मला ही माणसं हजार अनोळखी ‘लाइक’पेक्षा मोलाची वाटतात. म्हणून पहिला महिना लिहिण्यापेक्षा वाचण्यात घालवा. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, स्थलांतरावर लिहिणारे पत्रकार यांची खाती शोधून त्यांना ‘फॉलो’ करा. त्यांच्या लिखाणावर तुमच्याकडे नेमकी माहिती असेल तर उत्तर द्या. रोज लिहायलाच हवं असं काही नाही. आठवड्यातून तीनदा, पण हंगाम संपेपर्यंत न चुकता. पासवर्ड दोघींकडेही असू दे, आणि खातं संस्थेच्या ईमेलवर उघडा, स्वतःच्या नको. कार्यकर्ता सोडून गेला की खातंही गेलं, असं मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे.

मदत मागण्याबद्दल माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. आमच्या संस्थेच्या खात्यावरून मी लिहिलं, ‘ब्लँकेट तातडीनं हवीत’, आणि खाली फोन नंबर दिला. तारीख लिहिली नाही, वेळ लिहिली नाही. दोन दिवसांत पुरेशी ब्लँकेट आली. पण तो मजकूर लोक पुढे पाठवतच राहिले. पाणी ओसरल्यावर घराघरांत गुडघाभर गाळ होता, फिनेल, खराटे आणि वह्या-पुस्तकं हवी होती, आणि आमच्या दारात ब्लँकेटनं भरलेला टेम्पो उभा राहिला. चालक रात्रभर गाडी चालवून आला होता. त्याला काय सांगायचं ते मला सुचेना. तेव्हापासून प्रत्येक आवाहनाची सुरुवात मी तारीख आणि वेळेनं करते, किती हवं तो आकडा लिहिते, आणि गरज भागली की मूळ मजकूर काढून टाकून ‘ब्लँकेट पुरेशी झाली, आता पाठवू नका’ असं नव्यानं लिहिते. हे शेवटचं पाऊल बहुतेक संस्था विसरतात. तुम्ही विसरू नका.

प्रश्न: आमचं लिखाण वाचून अमेरिकेतल्या एका मराठी गृहस्थांनी देणगी देऊ केली आहे. क्यूआर कोड पाठवू का? – एका वाचनालयाचे सचिव

उत्तर: आधी त्यांना पासपोर्ट कुठला आहे ते विचारा, आणि विचारताना संकोच करू नका. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँक मार्गानं ते पैसे देत असतील, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. त्यांनी अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, तर जन्म साताऱ्याचा असला तरी कायद्यानं ती विदेशीच. तिच्यासाठी विदेशी देणगी नियमन कायद्याखाली परवानगी लागते, आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घ्यावी लागते. परवानगी नसेल तर त्यांचे आभार मानून थांबा. क्यूआर कोड जगासमोर ठेवलात की त्यावर कोण पैसे टाकतो ते तुमच्या हातात राहत नाही. म्हणून देणगीच्या प्रत्येक मजकुरात ‘फक्त भारतीय नागरिकांसाठी’ ही ओळ घाला.

प्रश्न: आम्ही ‘कू’ या ‘एक्स’सारख्या भारतीय माध्यमावर चार वर्षं मराठीतून लिहिलं. ते बंद पडलं आणि सगळं गेलं. आता कुठे जावं? – रक्तदान चळवळीतला कार्यकर्ता

उत्तर: वाईट वाटलं वाचून. ‘कू’ २०२० मध्ये आलं आणि २०२४ च्या जुलैत बंद झालं. तिथे मराठीत लिहिणाऱ्या अनेकांची तुमच्यासारखीच गत झाली. तुमचे रक्तदाते आणि रक्तपेढ्या आज जिथे आहेत तिथे जा. तातडीच्या रक्तासाठी बहुधा ते ‘एक्स’ आणि व्हॉट्सॲपच असेल. ‘मॅस्टोडॉन’ हे ‘एक्स’सारखंच माध्यम कुणा एका कंपनीचं नाही आणि तिथे साधारणपणे ५०० अक्षरं मिळतात, हे मला आवडतं. पण तुमच्या गावातले दाते तिथे नसतील, तर रात्री दोन वाजता ‘ओ निगेटिव्ह’ मागून उपयोग नाही. जिथे जाल तिथे दर रविवारी आठवड्याचं लिखाण एका फाइलीत उतरवून ठेवा, फोटोंसह.