प्रिन्स फिलिपची आई कोण होती आणि ती ननच्या कपड्यात का दिसते?

तिचं नाव अ‍ॅलिस ऑफ बॅटनबर्ग. १८८५ साली विंडसर कॅसलमधे जन्म, क्वीन व्हिक्टोरिया तिची सख्खी पणजी आणि रशियाची शेवटची झारिना तिची मावशी. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, पण ओठांकडे बघून समोरचा काय बोलतोय ते ती ओळखायची. १९०३ मधे ग्रीसच्या प्रिन्स अँड्र्यूशी लग्न झालं, चार मुली आणि सगळ्यात धाकटा फिलिप.

१९२२ मधे कुटुंबाला ग्रीसमधून हाकललं, १९३० मधे स्किझोफ्रेनिया म्हणून तिला सॅनिटोरियममधे ठेवलं, तेव्हा फिलिप नऊ वर्षांचाही नव्हता, घर पार विस्कटलं. १९३७ मधे मुलगी सेसिली, जावई, नातवंडं विमान अपघातात गेली.

मला सगळ्यात भिडतं ते युद्धातलं. मुली जर्मनीत दिलेल्या, मुलगा ब्रिटिश नेव्हीत, आणि ग्रीसला परतलेली ही अथेन्समधे स्वतःच्या घरात कोहेन नावाच्या ज्यू कुटुंबाला लपवून बसलेली. गेस्टापोवाले (नाझींचे गुप्त पोलीस) चौकशीला आले की बहिरेपणाचा आधार घेऊन काही कळतच नाही असं दाखवून त्यांचे प्रश्न टाळायची!

सुनेच्या, म्हणजे राणी एलिझाबेथच्या, एंगेजमेंट रिंगमधले हिरे हिच्याच टियारातले बरं का. १९४९ मधे तिने नर्सिंग करणाऱ्या नन्सचा संघ काढला, तेव्हापासून तो करडा झगा, १९५३ च्या राज्याभिषेकालाही तोच. यात तिची दुसरी मावशी एला हिचा आदर्श होता, तीही नवरा गेल्यावर नन झालेली. १९६९ मधे बकिंगहॅम पॅलेसमधे वारली, आणि १९८८ मधे तिच्या इच्छेप्रमाणे तिचे अवशेष जेरुसलेमला त्या मावशीजवळ हलवले.