चालायचं कुठं?

प्रश्न: डॉक्टर, बीपी निघालंय, रोज चाला म्हणता, पण आमच्या गल्लीत फूटपाथवर गाड्या आणि वडापावचा गाडा, रस्त्यावर उतरलं की रिक्षा अंगावर. मग नुसतं फिट राहा म्हणून काय उपयोग?

उत्तर: दादा, राग बरोबर हाय तुमचा. डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) २०१८ च्या आराखड्यात हेच हाय, २०३० पर्यंत लोकांची निष्क्रियता १५ टक्क्यांनी कमी करायची तर सल्ले पुरत नाहीत, चालायला फूटपाथ, सायकलला वाट, बागा द्याव्या लागतात. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, कोल्हापुरात कुस्तीचं खासबाग मैदान बांधलं, ती पॉलिसीच की हो! तोवर रंकाळा तलावावर पहाटे या, आठवड्याला किमान १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या स्पीडनं. गोळी बंद करू नका, आणि फेरीनंतरच्या मिसळीत कट जरा कमी.