खंडोबाला उचलीचा नैवेद्य नको

पत्र: "ताई, आम्ही बीड जिल्ह्यातले. दसरा झाला की नवराबायको कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातो. मागच्या हंगामाला टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अजून फिटली नाही. सासूबाई म्हणतात, खंडोबाच्या जागरणाचा नवस राहिलाय म्हणून घरात बरकत नाही. मुकादमाकडून आणखी तीस हजार घ्या. त्या गावीच राहतात. सातवीतल्या मुलीला मात्र आमच्यासोबत न्या म्हणतात, धाकट्याला सांभाळायला. माझा देवावरचा विश्वास उडत चाललाय. पाप लागेल का? हे पत्र मुलीनेच लिहून दिलंय."

नाही गं, पाप कसलं? अंगात ताप असताना खाडा पडेल म्हणून फडात उतरणाऱ्या बाईने देवाला दोन शब्द सुनावले तर तो रागावणार नाही.

सासूबाईंवर चिडू नकोस. हातात दुसरं काहीच नसलं की माणूस नवसाला धरून राहतो. त्यांना तुकोबांची आठवण करून दे. दुष्काळात त्यांची बायको अन्नावाचून गेली, दुकान बसलं, तरी विठ्ठल सुटला नाही. आणि वाटणीला आलेली कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असं सांगतात. देवाकडे वळल्यावर त्यांनी लोकांच्या डोक्यावरचं कर्ज उतरवलं. मग देवासाठी तुम्ही ते का वाढवायचं? चंपाषष्ठीला तिथल्या कोपीसमोर, आपल्या झोपडीसमोरच तळी भरा. पानसुपारी, खोबरं, चिमूटभर भंडारा आणि तळी उचलायला टोळीतली पाच माणसं, एवढं पुरे. तुमचा खंडोबा धनगरांचा, रानातला. तो फडातही येईल.

मुलीला मात्र नेऊ नकोस, हे मी अगदी हात जोडून सांगते. एकदा गेलेली पोर शाळेत परत येणं फार अवघड असतं. दोन्ही लेकरं आजीजवळ राहू देत. शाळेत हंगामी वसतिगृह आहे का, ते मुख्याध्यापकांना आजच विचार. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 2021 पासून संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही आहे. समाजकल्याण कार्यालयात चौकशी कर.

आणि उचल फिटली नाही म्हणून कुणी अडवून ठेवलं, तर 1976 च्या कायद्याने ती वेठबिगारी ठरते, गुन्हा आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो.

निघण्याआधी मुलीकडून एका वहीत रकाने आखून घे: तारीख, टन, खाडे, घेतलेले पैसे. वही तिच्याजवळच राहू दे. रोज रात्री फोनवर आकडे सांग, ती लिहील. तिचं अक्षर फार सुरेख आहे.