जुन्या हेरल्डचे बुश आणि कडकपणाचा प्रश्न

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेत आमचे लेथ आणि सीएनसी यंत्रांचे लहान युनिट आहे. खानापूरच्या एका स्नेह्यांच्या जुन्या स्टँडर्ड हेरल्ड मोटारीला मागच्या रेडियस आर्मचे (मागचे चाक पुढे-मागे सरकू न देणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश (सांध्यात बसणारे नळीसारखे अस्तर) मिळेनात, म्हणून जुन्या बुशाच्या मापाने आम्ही ९० शोअर ए (रबरासारख्या मालाचा कडकपणा मोजण्याची श्रेणी, आकडा मोठा तितका माल कडक) कडकपणाचे पॉलियुरेथेनचे (रबरासारख्या लवचिक प्लास्टिकचे) बुश बनवले. चोर्ला घाटातून चार-पाच फेऱ्या झाल्यावर ते कडेने फाटले. ट्रायम्फ स्पिटफायरसाठीही हाच भाग बनवून विकण्याचा विचार आहे. आणखी कडक माल वापरावा काय?

उत्तर : मुळीच वापरू नये. आपले बुश मऊपणामुळे नव्हे, तर अडवणुकीमुळे फाटले आहेत.

मद्रासमध्ये १९६१ पासून बनू लागलेली हेरल्ड आणि १९६२ साली इंग्लंडमध्ये आलेली स्पिटफायर ही एकाच घराण्यातील भावंडे असून, स्पिटफायरची चासी (खालचा सांगाडा) हेरल्डच्याच चासीवरून बेतलेली आहे. दोन्हींत मागे डिफरन्शियलवरून (मागच्या चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या गिअरपेटीवरून) आडवा पाटा (स्प्रिंग) जातो आणि अर्धा अॅक्सल आतल्या टोकाशी सांध्यावर हलतो, त्यामुळे चाक सरळ वरखाली न होता कमानीत फिरते आणि फिरताना कलतेही. रेडियस आर्मचे पुढचे टोक हेरल्डमध्ये चासीला, स्पिटफायरमध्ये बॉडीला आणि मागचे या कलणाऱ्या चाकाच्या आधाराला बांधलेले असल्याने, त्याच्या बुशाला फिरणे आणि वाकडे होणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात. रबर हा पीळ स्वतःच्या अंगात घेते. कडक पॉलियुरेथेन स्लीव्हवर (आतल्या धातूच्या नळीवर) फिरू शकते, पण कलण्यास नकार देते, मग सारा भार कडेवर येतो आणि कड फाटते. समोरच्या खालच्या विशबोनच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दुबोटी आर्मच्या) आतल्या बुशांना मात्र मुख्यतः एकाच अक्षाभोवती फिरायचे असते. पॉलियुरेथेनचा प्रयोग करायचाच असेल, तर योग्य ग्रीस लावून तिथे करावा.

मापांबाबतही आपली चूक झाली आहे, आणि ती मला अधिक गंभीर वाटते. अनेक वर्षे दबून राहिलेले रबर कायमचे बसते, म्हणून त्याच्या मापाने बनवलेला भाग झिजेची नक्कल ठरतो. माप घ्यावे ते लोखंडाचे : आर्मच्या डोळ्याचा (टोकाच्या भोकाचा) आतील व्यास, बोल्टचा व्यास, ब्रॅकेटमधील अंतर, आणि तेही एका नव्हे, तीन-चार गाड्यांवरून, गंज खरवडून. १९७० च्या अखेरीस आलेल्या मार्क फोर स्पिटफायरमध्ये पाट्याची बैठक बदलली, तरी रेडियस आर्म राहिला. त्याची मापे वेगळी घ्यावीत.

रेडियस आर्मसाठी साच्यात ओतलेले चांगले रबरच घ्यावे आणि त्याचा कडकपणा नव्या, न वापरलेल्या बुशावर ड्यूरोमीटर (कडकपणा मोजण्याचे उपकरण) लावून ठरवावा. स्लीव्हला चिकटलेले रबरी बुश बसवताना बोल्ट शेवटचा घट्ट करावा तो गाडी चाकांवर उभी असताना. चाके लोंबकळत असताना आवळला, तर रबर जन्मतःच पिळलेले राहते आणि लवकर तुटते. ही खबरदारी गिऱ्हाइकाला छापील कागदावर मराठी, कन्नड आणि इंग्रजीत द्यावी.

त्यानंतर मोटर आणि एक्सेंट्रिक (फिरण्याचे पुढे-मागे हलण्यात रूपांतर करणारी चकती) लावून आर्मला फिरवणारा आणि त्याच वेळी कलवणारा साधा चाचणी-रिग आपल्याच कारखान्यात तयार करावा, त्यावर चिखल-पाणी टाकत बुश चालवावे, आणि मग त्याच हेरल्डवर एक पूर्ण पावसाळा घाटात. बुश त्यातून शाबूत निघाले, तरच स्पिटफायरवाल्यांना नमुना पाठवावा.