हॅकल सुटतंय? मग आधी उसवायला शिका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ख्रिसमसला फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-केस बांधून केलेली खोटी माशी, बांधायचं किट भेट मिळालं, महिनाभर रोज रात्री बसून १४ नंबरच्या गळावर अ‍ॅडम्स नावाची फ्लाय बांधताय. पण हॅकल, म्हणजे गळाभोवती गुंडाळलेलं कोंबड्याचं पीस, दोन-चार वेळा पाण्यात फेकल्यावरच सुटतं, डोकं जाड होऊन गळाचं नेढं बुजतं आणि फ्लाय पाण्यावर उभी राहायची सोडून कुशीवर पडते. शिवाय कोकणातले मामा रानकोंबड्याची मान पाठवायला तयार आहेत, ती मागवू का, असंही विचारलंत. मागवू नका. त्याचं कारण शेवटी लिहिते. आधी हॅकलचं बघू.

पहिली गोष्ट म्हणजे अ‍ॅडम्स बाजूला ठेवा. मिशिगनच्या लेन हॅलडे यांनी १९२२ साली ती बांधली आणि आजही ट्राउट माशांच्या मागे जाणाऱ्या बहुतेकांच्या डबीत ती सापडते. ती प्रसिद्ध आहे म्हणून सोपी असेल, असा समज होतो. पण तिच्यात पंख पिसांच्या टोकांचे आणि हॅकल दोन रंगांचं, म्हणजे एक तपकिरी आणि एक काळं-पांढरं ग्रिझली. दोन पिसांचे देठ, दोन पंखांचे देठ आणि धागा, हे सगळं गळाच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात एकमेकांच्या अंगावर येतं. महिनाभरात हे जमलं नाही म्हणून खट्टू होऊ नका. मलाही ती नीट बांधायला दोन हिवाळे लागले.

आता मुद्द्याचं. तुमच्या डब्यातल्या सगळ्यात वाईट सहा फ्लाय काढा, एक-एक वाइसमध्ये, म्हणजे गळ धरून ठेवणाऱ्या चिमट्यात, लावा आणि उसवा. ब्लेडने खरवडून गळ मोकळा करायचा नाही. शेवटची गाठ कापायची, धाग्याचं टोक पकडायचं आणि बांधलं त्याच्या उलट्या दिशेने एक-एक वेढा मोजत सोडवायचा. कुठल्या वेढ्याला काय सुटलं, ते कागदावर लिहायचं.

माझी आई सांगलीला शिवणकाम करायची. तिच्या हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलींना ती पहिले आठ दिवस जुने ब्लाउज उसवायला द्यायची. टीप कुठून सुरू झाली, बाही कधी लागली, अस्तर आधी की नंतर, हे उसवतानाच डोक्यात बसतं, असं तिचं म्हणणं. मी न्यू जर्सीत वाइससमोर बसायला लागले तेव्हा हे पार विसरले होते आणि व्हिडिओ बघून बघून बांधत होते. मग न्यू यॉर्क राज्यातल्या रॉस्को गावाला जाणं-येणं सुरू झालं आणि तिथे डेट कुटुंबाची गोष्ट कळली.

कॅट्सकिल डोंगरात, बीव्हरकिल आणि विलोवेमॉक या नद्यांच्या काठी, वॉल्ट आणि विनी डेट या नवरा-बायकोने आयुष्यभर फ्लाय बांधून विकल्या. वॉल्ट तरुणपणी त्या भागातले नावाजलेले कारागीर रूब क्रॉस यांच्याकडे शिकायला गेले, तर त्यांनी शिकवायला साफ नकार दिला. मग डेटनी क्रॉस यांच्याच फ्लाय विकत आणल्या, त्या वेढ्यावेढ्याने सोडवल्या आणि पुन्हा बांधल्या. पुढे त्यांची मुलगी मेरी त्याच कामात आली. ही गोष्ट ऐकली त्या रात्री मी घरी येऊन माझ्या फ्लाय उसवल्या. पहिल्याच फ्लायच्या डोक्याशी धाग्याचे चाळीसच्या वर वेढे निघाले. तिथे सात-आठ पुरतात.

तुम्ही उसवलंत की बहुधा चार गोष्टी दिसतील.

हॅकल सुटण्याचं पहिलं कारण म्हणजे पीस गळाच्या उघड्या दांडीवर बांधलेलं असतं. गळाचं लोखंड गुळगुळीत असतं, त्यावर देठ घसरतोच. आधी धाग्याचा पातळ थर दांडीवर चढवायचा आणि मगच त्यावर पीस. देठाच्या बुडाची मऊ लव काढून टाकायची आणि उघडा देठ निदान पाच-सहा घट्ट वेढ्यांखाली दाबायचा. हॅकल गुंडाळून झाल्यावरही त्याच्या टोकावर तीन वेढे घट्ट घ्यायचे आणि मगच टोक कापायचं.

दुसरं कारण धाग्याला बसलेला पीळ. उजव्या हाताने वेढे देताना दर वेढ्याला धाग्याला थोडा पीळ बसत जातो. तो दोरीसारखा गोल होतो आणि गोल धागा पिसावर नीट बसत नाही. अधूनमधून बॉबिन, म्हणजे धाग्याचं रीळ धरणारं साधन, लोंबकळत सोडा आणि वरून बघताना घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवा. धागा फितीसारखा चपटा झालेला दिसेल. चपटा धागा कमी वेढ्यांत जास्त धरतो, त्यामुळे डोकंही आपोआप लहान होतं.

तिसरं म्हणजे ताण. धागा तुटेल या भीतीने सगळे नवशिके तो सैल ओढतात. एक दिवस नुसता मोकळा गळ लावा आणि धागा ओढून मुद्दाम दहा-बारा वेळा तोडा. किती ओढला की तुटतो, हे बोटांना एकदा कळलं की त्याच्या जरा अलीकडे थांबता येतं.

आणि चौथी, म्हणजे नेढ्यामागची जागा. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण या एका जागेवरून मी कुणाचीही फ्लाय ओळखते.

कॅट्सकिलची जुनी ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, हातात घेतलीत तर नेढ्यामागे दांडीचा छोटासा भाग उघडा दिसेल. मोकळी मान म्हणा. ते जुने लोक टर्ल नावाची गाठ मारायचे, ती नेढ्यातून येऊन त्याच्या मागे मानेवर आवळली जाते. तिथे धाग्याचा ढीग असेल तर गाठ बसणारच नाही. ही शैली ज्यांच्यापासून सुरू झाली ते थिओडोर गॉर्डन नेव्हरसिंक नदीकाठी राहायचे. इंग्लंडच्या फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८९० साली त्यांना ड्राय फ्लायचे नमुने पाठवले होते. ते संथ, खडूमातीच्या नद्यांसाठी बांधलेले होते. गॉर्डननी आपल्या खळाळत्या पाण्यासाठी फ्लाय वेगळी केली. पीस कडक, अंग सडपातळ आणि प्रत्येक गोष्ट जेवढ्यास तेवढी. १९१५ साली ते क्षयाने गेले. पुढे नेव्हरसिंकच्या खोऱ्याचा बराच भाग न्यू यॉर्क शहराला पाणी पुरवणाऱ्या धरणाखाली गेला. आज आपण त्या पद्धतीची टर्ल गाठ मारत नाही, पण मोकळी मान मी अजून सोडते. हॅकल बांधताना नेढ्यापासून एक नेढंभर अंतर मागे थांबायचं. तुम्हाला वाटेल खूपच मागे थांबलो, तर ती जागा बरोबर आहे.

फ्लाय कुशीवर पडते ती मापामुळे. हॅकलचे तंतू गळाचं टोक आणि दांडी यांच्यातल्या अंतराच्या साधारण दीडपट हवेत आणि शेपूट दांडीएवढी लांब. शेपटीचे तंतू मऊ आणि आखूड असले की मागचा भाग बुडतो. पीस गुंडाळायच्या आधी गळाभोवती नुसतं वाकवून माप बघायची सवय लावा.

डबिंगचं, म्हणजे धाग्यावर केस वळून फ्लायचं अंग करण्याचं, थोडक्यात सांगते. देवाची वात वळतो तसं वळा. चिमटीत येईल त्याच्या निम्मं केस घ्या, त्यातलंही निम्मं परत ठेवा आणि उरलेलं धाग्यावर एकाच दिशेने वळा. पुढेमागे चोळलं तर वळलेलं परत सुटतं.

मग बांधायचं काय? आधी वूली बगर, ८ किंवा १० नंबरच्या लांब गळावर. पेनसिल्व्हेनियाच्या रसेल ब्लेसिंग यांची ही फ्लाय. माराबूची (मऊ, फुललेल्या पिसांची) शेपूट, शेनिलचं (मखमली दोऱ्याचं) अंग आणि त्यावर अंगभर गुंडाळलेलं हॅकल. पाण्याखाली चालवायची असल्याने ती तरंगते की नाही, ही काळजी नाही. हॅकलवरून उलट्या दिशेने बारीक तार गुंडाळली तर दात लागूनही ते सुटत नाही. बारा बांधा, एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या. त्यानंतर फेझंट टेल निम्फ, पाण्याखालच्या किड्याच्या पिल्लासारखी दिसणारी फ्लाय. विल्टशरमधल्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर ती धाग्याशिवाय बांधायचे. फेझंटच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची तार, बस्स. तारच वजन देते, तारच बांधते. तारेने बांधताना बोटांना ताण कळतो, धाग्याने तेवढा कळत नाही. निदान सहा तरी तशाच बांधून बघा. मग एल्क हेअर कॅडिस आणि मग हेंड्रिक्सन, या दोन्ही तरंगणाऱ्या.

हेंड्रिक्सनसाठी मी दरवर्षी रॉस्कोला जाते. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला, दुपारच्या उबेत, खऱ्या हेंड्रिक्सन माश्या पाण्यातून वर येतात, पंख वाळेपर्यंत वाहत राहतात आणि ट्राउट त्यांना अलगद टिपतात. त्या वेळी काठावर बसून एक माशी तळहातावर घ्या आणि तुमची फ्लाय शेजारी ठेवा. आपण किती जास्त सामान लावतो, ते तिथे दिसतं.

आता मामांच्या पार्सलचं. गावठी कोंबड्याची मान हा वेगळा विषय आहे. भारतातून आलेल्या कोंबड्यांच्या माना ‘इंडियन केप’ या नावाने इंग्लंड-अमेरिकेत वर्षानुवर्षं विकल्या गेल्या. त्यांची पिसं लहान आणि जराशी मऊ असतात, पाण्याखालच्या फ्लायला छान. पण पक्ष्यांची पिसं घरगुती पार्सलने इथे मागवायला नियम कडक आहेत, दुकानातूनच घ्या.

रानकोंबड्याची मात्र गोष्टच निराळी. आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा भारतीय द्वीपकल्पाबाहेर रानात कुठेच नाही. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचा थेंब वाळल्यासारखा पिवळट-पांढरा ठिपका असतो. सामन माशांच्या जुन्या इंग्रजी फ्लायवर तो डोळ्यासारखा लावायचे आणि त्यासाठी हे पक्षी पुष्कळ मारले गेले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. इथे कायदेशीर मिळणारी पिसं पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांची असतात. तुमच्या ट्राउट फ्लायला तर त्यांची गरजच नाही. कोयनेच्या रानात पहाटे मी त्याची बांग ऐकली आहे. तो आवाज ऐकल्यावर ती मान वाइसशेजारी ठेवायची कल्पनाही मला सोसत नाही. पिसांच्या या हव्यासापायी २००९ साली इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरीला गेली. त्यांत निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी गोळा केलेलीही होती. ओळखचिठ्ठ्या तोडल्या की ते नमुने अभ्यासाला निरुपयोगी होतात, मग ते परत सापडले तरी.

मोरपीससुद्धा मामांकडून मागवू नका, भारतातून ते बाहेर न्यायला बंदी आहे. आणि इथे अंगणात पडलेलं ब्लू जे पक्ष्याचं पीस उचलून ठेवणंही अमेरिकेच्या १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्यात बसत नाही. कोंबडा, टर्की, फेझंट आणि ससा, एवढ्यावर माझी पहिली पाच वर्षं मजेत गेली.

किटमधला धागा ८/० असेल तर बगरसाठी ६/० ची एक रीळ घ्या, जरा जाड असतो, ओढायला भीती वाटत नाही. आणि सहा फ्लाय उसवून झाल्या की डोक्याशी किती वेढे निघाले, ते आकडे इथे टाका. त्यावरून पुढचं सांगते.