बारा वर्षं उभी असलेली एमजीबी सुरू होते, पण पळत नाही: कार्बोरेटरला हात शेवटी लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९६९ ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, बारा वर्षं कव्हर घालून उभी. नवी बॅटरी बसवली, जुनं पेट्रोल काढून ताजं भरलं, सेल्फ मारला आणि इंजिन सुरू झालं. पण आयडलिंगला धडधडते, ३००० आरपीएमच्या वर जायला तयार नाही, आणि गरम झाली की बंद पडते. थोडी थंड झाली की पुन्हा सुरू. दोन्ही कार्बोरेटर दोनदा उघडून साफ केले, फरक शून्य. आता कार्बोरेटरचं रिबिल्ड किट आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन एकदमच मागवू का?

नका मागवू. निदान आत्ताच नको. तुम्ही लिहिलेल्या तीनही लक्षणांत मला कार्बोरेटरपेक्षा डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला वेळेवर ठिणगी वाटून देणारा भाग) जास्त दिसतोय. जुन्या गाड्यांवर काम करणाऱ्यांत एक बोलणं मुरलेलंच आहे की कार्बोरेटरचा म्हणून जो बिघाड समोर येतो, तो बहुतेक वेळा इग्निशनचा निघतो. पण कार्बोरेटर डोळ्यांसमोर असतो, ॲल्युमिनियमचा, चकाकणारा, उघडायला सोपा; म्हणून सगळे पहिला पाना तिथेच लावतात.

त्याआधी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही: ब्रेक. तुम्ही ३००० आरपीएमचं लिहिताय म्हणजे गाडी रस्त्यावर नेली असणार. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि बारा वर्षांत सिलिंडर आतून गंजतात. रबरी होज बाहेरून ठणठणीत दिसतो, पण आतून फुगलेला असतो. पेडल दाबलं की दाब जातो, सोडलं की परत येत नाही आणि पुढचं चाक धरून ठेवतं. तुमची गाडी पळत नाही यात ब्रेक धरल्याचा वाटा नाही ना, हे जॅक लावून चारही चाकं हाताने फिरवली की कळेल. होज सगळे बदला, ऑइल पूर्ण बदला. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, आठवडा आणि वर्ष; बारा वर्षांपूर्वीचे टायर कितीही नक्षी शिल्लक असली तरी फेकायचे. एवढं होईपर्यंत गाडी अंगणाबाहेर काढू नका.

आता इंजिन. आधी मोजमाप, मग दुरुस्ती. इंजिन थोडं गरम करून चारही प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि सेल्फ मारून गेजने कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, घ्या. आकडा किती आला यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत आहेत का, ते महत्त्वाचं. एखादा पडला असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा वर आला तर रिंगा चिकटल्यात. इंजिन चालवत राहिलं की पुष्कळदा त्या आपोआप मोकळ्या होतात, लगेच इंजिन खोलायला धावू नका. आकडा हललाच नाही तर व्हॉल्व्ह. बंद गाडीत एक-दोन व्हॉल्व्ह उघडेच राहतात, तिथे सीटवर गंज धरतो.

मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट. या १७९८ सीसीच्या इंजिनला थंड असताना १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे साधारण ०.३८ मिमी गॅप लागतो. आठ व्हॉल्व्हसाठी नऊचा हिशोब लक्षात ठेवा: आठवा पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला सेट करायचा, सहावा दाबलेला असेल तेव्हा तिसरा, बेरीज नेहमी नऊ. गॅप सैल असला तर नुसता टकटक आवाज येतो, पण घट्ट असला तर व्हॉल्व्ह नीट बसतच नाही आणि आयडलिंग बिघडतं. आवाज येणारं टॅपेट आपण चटकन सेट करतो, गप्प असलेल्याकडे बघतही नाही. खरा धोका त्या गप्प असलेल्याचा.

आता ते ३००० चं प्रकरण, इथे जरा वेळ द्या. डिस्ट्रिब्युटरच्या आत, सीबी पॉइंटच्या (उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्काच्या) प्लेटखाली, दोन छोटी वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात. आरपीएम वाढले की वजनं बाहेर फेकली जातात आणि स्पार्क लवकर पडतो. बारा वर्षांत तिथलं तेल सुकून डिंक होतो, वजनं जागच्या जागी गंजतात, आणि स्पार्कची वेळ आयडलिंगलाच अडकून बसते. अशी गाडी सुरू व्यवस्थित होते, हळू चालते, पण वर चढायला गेलं की दम लागतो. कॅप काढा, रोटर (कॅपखाली फिरणारा तुकडा) दोन बोटांत धरा आणि तो ज्या दिशेला फिरतो त्या दिशेला पिळा. या इंजिनात वरून बघताना घड्याळाच्या उलट. थोडा फिरून, सोडल्यावर स्प्रिंगने टचकन मागे आला पाहिजे. दगडासारखा बसला असेल, किंवा पिळल्यावर तिथेच राहिला, तर तुमचा चोर सापडला. प्लेट काढून साफ करायचं, पातळ तेलाचे दोन थेंब, बस. रोटर उपसून शाफ्टच्या डोक्यावरच्या स्क्रूवरही एक थेंब द्या. पॉइंटच्या तोंडाला मात्र तेल लागू देऊ नका.

तिथेच असताना व्हॅक्युमची नळी कार्बोरेटरकडून सोडवून तोंडाने ओढा. पॉइंटची प्लेट सरकली पाहिजे आणि जिभेने नळी बंद केली की तशीच थांबली पाहिजे. नुसती हवा येत असेल तर आतला पडदा फाटलाय. त्याने गाडी बंद पडणार नाही, पण पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही मार खातात.

सीबी पॉइंटचा गॅप १५ थाऊ, प्लगचा २५. पॉइंटची तोंडं करडी आणि खडबडीत झाली असतील तर बदला, पॉलिश पेपरने घासत बसू नका. मग टायमिंग लाइट लावून नुसतं आयडलिंगचं टायमिंग बघू नका. आरपीएम वाढवत न्या आणि पुलीवरची खूण सलग सरकत जाते का ते बघा. अडकत, उडी मारत सरकली तर वजनं अजून मोकळी झालेली नाहीत.

गरम झाल्यावर बंद पडण्याबद्दल. इथे दोनच संशयित आधी धरा, आणि दोघांची परीक्षा गाडी बंद पडली त्या क्षणीच घ्यायची, घरी येऊन नाही. पहिला स्पार्क: कॉइलची मधली वायर कॅपमधून काढा, चांगल्या इन्सुलेशनच्या पकडीने धरून ब्लॉकपासून पाच-सहा मिमीवर ठेवा, कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आसपास पेट्रोलचा वास नाही ना, ते आधी बघा. निळी, कडकडीत ठिणगी आली तर ठीक. पिवळट, बारीक आली किंवा आलीच नाही तर कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा डबा) किंवा कॉइल. कंडेन्सर गरम झाल्यावर मरतो आणि थंड झाल्यावर जिवंत होतो, ही त्याची जुनी खोड. नवीन बसवा, पण जुना फेकू नका: हल्ली मिळणारे नवे कंडेन्सर आणि रोटर यांत रद्दी माल फार आहे. रोटरमध्ये पितळी पट्टीला रिव्हेट असेल तर तिच्यातून ठिणगी खाली शाफ्टमध्ये उतरते आणि तुम्ही जंग जंग पछाडून दोष कार्बोरेटरमध्ये शोधत बसता. रिव्हेट नसलेला रोटर घ्या.

दुसरा संशयित पेट्रोल. बंद पडली की उतरून टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी चालू झाली, तर टाकीला श्वास घ्यायला वाट नाही. शिवाय चावी ऑन करून कान द्या: या गाडीचा एसयू कंपनीचा विजेवरचा पेट्रोल पंप मागे उजव्या बाजूला असतो आणि टिकटिक करतो. दोन्ही फ्लोट चेंबर (कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या वाट्या) भरले की तो थांबला पाहिजे. टिकटिक थांबतच नसेल तर एक तर कुठेतरी पेट्रोल सांडतंय किंवा तो हवा ओढतोय. टिकटिक अजिबात नसेल तर बहुधा त्याचे पॉइंट काळे पडलेत. कार्बोरेटरकडची नळी सोडवून बाटलीत धरा, एका मिनिटात अर्धा लिटर तरी यायला हवं, बुडबुड्यांशिवाय. बाटली थोडा वेळ उन्हात ठेवा आणि तळ बघा. तळाला तांबूस गाळ बसला तर टाकी आतून गंजलीय, आणि तुम्ही दोनदा साफ केलेले कार्बोरेटर तिसऱ्यांदा भरत आहेत. टाकी खाली उतरवल्याशिवाय या दुखण्याला औषध नाही. रबरी पेट्रोल पाइप तर सगळेच बदला. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर खातं, आणि कार्बोरेटरकडचा पाइप तापलेल्या एक्झॉस्टच्या वरून जातो. अग्निशामक हाताशी ठेवूनच हे सगळं करा.

वायरिंगमध्ये पांढऱ्या वायरवर लक्ष ठेवा. चावीतून निघून कॉइल आणि पंप दोघांनाही तीच पुरवठा करते. तिच्यावरचे गोळीसारखे जोड आतून हिरवे पडतात. कॉइलवर बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त कमी दिसलं तर एकेक जोड उघडून साफ करत मागे जा. सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांची मूळ मांडणी तुमच्याकडे असेल तर दोघींमधली जोडवायर आणि बॉडीला बसवलेली अर्थ वायर हीसुद्धा त्याच यादीत.

एवढं झाल्यावरच कार्बोरेटर. आधी एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडातून पिस्टन बोटाने उचलून सोडा. टक असा आवाज करत खाली बसला पाहिजे. डँपरमध्ये (वरच्या टोपीखालच्या नळीत) ऑइल भरा. मग पिस्टन उचलणारी खालची पिन साधारण पाऊण मिमी उचला. आरपीएम वाढून वाढलेलेच राहिले तर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), गाडी पडायला लागली तर लीन (पेट्रोल कमी), क्षणभर वाढून जागेवर आले तर बरोबर. जेटचं नट खाली आणलं की पेट्रोल वाढतं. एका वेळी नटच्या षट्कोनाची एकच बाजू फिरवा, दोन्ही कार्बोरेटरला सारखंच. थ्रॉटलची दांडी वरखाली हलत असेल तर तिथून हवा शिरते आणि कितीही ट्यून करा, आयडलिंग जमत नाही. त्या वेळी तुमचं ते रिबिल्ड किट मागवा, आणि सोबत दांडी-बुशही.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनला माझा विरोध नाही, ते चांगलं चालतं. पण अडकलेल्या वजनांवर बसवलं तर अडकलेलीच वेळ ते अचूकपणे पाळेल. तुमची १९६९ ची गाडी निगेटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेली, असायला हवी. १९६७ च्या आधीच्या पॉझिटिव्ह अर्थ होत्या आणि मधल्या मालकांनी काय केलं असेल ते सांगता येत नाही. किट घ्यायच्या आधी बॅटरीची कुठली वायर बॉडीला जाते ते डोळ्यांनी बघा.

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर गाडी फिरवून बघा, नाहीतर कशाने सुधारली ते कधीच कळणार नाही. आणि इथेच खाली तीन गोष्टी लिहा: चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, रोटर पिळल्यावर मागे येतो की नाही, आणि बंद पडली त्या क्षणी ठिणगी होती की नव्हती. मग पुढचं बघू.